४४व्या वर्षी सातवा नो-हिटर : नोलन रायनच्या विक्रमाचे एवढे कौतुक का?

बाकावरचा प्रेक्षक (प्रश्न)

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने डॅलसजवळ राहायला येऊन मला दीड वर्ष झाले. बेसबॉल मला कळत नव्हता आणि खरे सांगायचे तर कळून घ्यायची इच्छाही नव्हती. मात्र गेल्या महिन्यात सहकाऱ्यांबरोबर आर्लिंग्टनला टेक्सस रेंजर्सचा सामना पाहायला गेलो आणि तेव्हापासून एक कोडे डोक्यात घर करून बसले आहे. आमच्या आसपासच्या रांगांमध्ये त्या दिवशी खेळणाऱ्या खेळाडूंच्या नावांचे शर्ट होतेच, पण ३४ क्रमांकाचा आणि ‘रायन’ नावाचा शर्टही जागोजागी दिसत होता. आणि तो घालणाऱ्यांत अशी मुले होती की जी हा माणूस निवृत्त झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली असतील. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला सहज विचारले, तर त्याने १ मे १९९१च्या रात्रीची हकीकत अशी सांगितली की जणू आपल्याकडचा एखादा इरसाल गावकरी गावाच्या जत्रेची कथा सांगत आहे. ‘सातवा नो-हिटर, इथेच झाला, ४४व्या वर्षी’ हे त्याने तीन वेळा तरी म्हटले.

मला समजले ते एवढेच की, पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्धी संघाला एकही ‘हिट’, म्हणजे फलंदाजाला बेसवर (धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर) पोहोचवणारा यशस्वी फटका, मिळू दिली नाही की त्याला नो-हिटर म्हणतात. क्रिकेटच्या भाषेत हे एका डावात दहा बळी घेण्यासारखे समजायचे का? दुसरे असे की, ज्याची सारी पुंजी चेंडूच्या वेगात आहे, अशा माणसाला चव्वेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडचे वेगवान गोलंदाज समालोचनाच्या खुर्चीत स्थिरावलेले असतात त्या वयात, हे जमले कसे? आणि शेवटी थोडी आगाऊ शंका : या कौतुकात टेक्ससच्या प्रादेशिक अभिमानाचा वाटा किती आहे?

ह्यूस्टनवासी

आधी एक किरकोळ दुरुस्ती करतो. ‘इथेच झाला’ हे शहरापुरते खरे आहे, मैदानापुरते नाही. तो सामना जुन्या आर्लिंग्टन स्टेडियममध्ये झाला. ते १९९४मध्ये पाडले गेले. तुम्ही ज्या छताखाली बसला होता, ती त्यानंतरची दुसरी वास्तू.

आता त्या रात्रीबद्दल. समोर टोरंटो ब्लू जेज होते आणि त्यांच्या फळीत रॉबर्टो ॲलोमार, जो कार्टर, जॉन ओलेरुड असे फलंदाज होते. म्हणजे दुबळ्या संघाविरुद्ध हात धुऊन घेतले, असा आक्षेप घेण्याची सोय नाही. सामन्याआधी सराव करताना रायनची स्थिती अजिबात चांगली नव्हती. पाठ दुखत होती, टाच दुखत होती, बोटही त्रास देत होते, आणि आज आपल्याला म्हातारपण जाणवत आहे, अशा अर्थाचे काहीतरी तो पिचिंग प्रशिक्षक टॉम हाउस यांना म्हणालाही होता. त्यानंतर त्याने नऊ इनिंग (म्हणजे पूर्ण सामना), १२२ चेंडू, १६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद झालेले फलंदाज), दोन वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकटात मिळालेला पहिला बेस) आणि शून्य हिट असा सामना टाकला. रेंजर्स ३-० असे जिंकले. खेळ पाहायला ३३ हजारांहून अधिक लोक होते. आज त्या रात्री मैदानात असल्याचे सांगणारे लोक मात्र त्याच्या कितीतरी पट भरतील, पण ते असो.

हिट होण्याची खरी भीती एकदाच निर्माण झाली. सहाव्या इनिंगमध्ये मॅन्युएल लीने मारलेला चेंडू मध्यक्षेत्रात खाली येत असताना गॅरी पेटिसने धावत पुढे येऊन तो जमिनीलगत झेलला. नो-हिटरची ही एक गोष्ट नव्या प्रेक्षकाने ध्यानात ठेवावी : पिचर कितीही मोठा असो, एखादा झेल दुसऱ्याच्या पायांवर अवलंबून असतोच. तरीही सत्तावीसपैकी सोळा फलंदाज जेव्हा चेंडू खेळात न येताच माघारी जातात, तेव्हा क्षेत्ररक्षकांच्या मदतीची गरज फार उरत नाही.

शेवटचा फलंदाज होता रॉबर्टो ॲलोमार. इथे थोडे थांबायला हवे. रायनने पहिले दोन नो-हिटर १९७३मध्ये कॅलिफोर्निया एंजल्सकडून टाकले, तेव्हा त्याच्या पाठीमागे सेकंड बेसवर उभा असलेला खेळाडू होता सँडी ॲलोमार, म्हणजे रॉबर्टोचे वडील. त्या वेळी रॉबर्टो पाच वर्षांचा होता. अठरा वर्षांनी तोच मुलगा टोरंटोचा फलंदाज म्हणून उभा राहिला, दोन बॉल आणि दोन स्ट्राइक अशी स्थिती आली, आणि ताशी ९० मैलांहून अधिक वेगाच्या चेंडूवर त्याची बॅट हवेतून फिरली. वडील ज्याच्यासाठी क्षेत्ररक्षण करत होते, त्याच माणसाने मुलाला बाद करून विक्रम पूर्ण केला. कादंबरीत लिहिले असते, तर आपण लेखकाला नावे ठेवली असती.

आकडेमोड

दहा बळींची तुलना मला पटत नाही, आणि कारण साध्या मोजणीत आहे. कसोटी क्रिकेटच्या दीडशे वर्षांच्या जवळ जाणाऱ्या इतिहासात एका डावात दहा बळी फक्त तिघांनी घेतले आहेत : १९५६मध्ये जिम लेकर, १९९९मध्ये दिल्लीला अनिल कुंबळे आणि २०२१मध्ये वानखेडेवर मुंबईतच जन्मलेला एजाझ पटेल. नो-हिटर मात्र अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये आजवर तीनशेहून अधिक झाले आहेत. सुटा नो-हिटर दुर्मीळ असला, तरी ते पंढरीचे दर्शन आहे. बहुतेक वर्षी कुणाला ना कुणाला घडतेच.

म्हणून रायनच्या कौतुकाचा आधार ‘नो-हिटर’ हा शब्द नसून ‘सात’ हा आकडा आहे. त्याच्याखालोखाल सँडी कोफॅक्सचे चार आहेत. तीन नो-हिटर टाकणारे पिचर मोजकेच, आणि त्यांत साय यंग, बॉब फेलर, जस्टिन व्हर्लँडर अशी नावे आहेत. फेलरसारख्याने जन्मभरात जे तीनदा केले, ते या माणसाने सातदा केले. आणि त्याखेरीज केवळ एकच हिट दिलेले त्याचे बारा सामने वेगळेच.

त्यांच्या तारखाही पाहाव्यात. दोन १९७३मध्ये, एक १९७४मध्ये, एक १९७५मध्ये, पाचवा १९८१मध्ये ह्यूस्टनकडून, आणि मग जवळजवळ नऊ वर्षांच्या खंडानंतर जून १९९०मध्ये ओकलंडला सहावा. सहाव्याच्या वेळी तो ४३ वर्षांचा होता आणि त्याने साय यंगचा १९०८पासूनचा, म्हणजे ४१व्या वर्षी नो-हिटर टाकण्याचा, वयाचा विक्रम मोडला होता. पुढल्या वर्षी त्याने स्वतःचाच विक्रम मोडला. या सातही सामन्यांत त्याचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा आणि खुणा करणारा जोडीदार, दर वेळी वेगळा होता. जोडीदाराच्या खुणांमुळे हे साधले, असे म्हणायचीही जागा त्याने ठेवली नाही.

साशंक

वरील दोन्ही प्रतिसादांतील तपशील बरोबर आहेत. तरीही मूळ प्रश्नातील शेवटच्या शंकेला कुणी हात घातला नाही, म्हणून ते काम मी करतो.

नोलन रायनने ३२४ सामने जिंकले आणि २९२ हरले. त्याच्याहून अधिक पराभव बेसबॉलच्या इतिहासात फक्त दोघांच्या नावावर आहेत. त्याने ५,७१४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, आणि दुसऱ्या क्रमांकावरचा रँडी जॉन्सन त्याच्याहून आठशेहून अधिक मागे आहे, हे सगळे सांगतात. पण त्याने २,७९५ वॉक दिले, म्हणजे तेवढ्या वेळा चेंडू नीट टाकता न आल्यामुळे फलंदाजाला फुकटात पहिल्या बेसवर जाऊ दिले, आणि या यादीतील दुसरा स्टीव्ह कार्लटन १,८३३वर आहे, हे सांगताना आवाज खाली जातो. वर्षातील सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार २७ हंगामांत त्याला एकदाही मिळाला नाही. त्याने एकही ‘परफेक्ट गेम’ टाकला नाही, म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना बेसवर पाऊल ठेवू न देता परत पाठवणे त्याला कधीच जमले नाही; सातही नो-हिटरमध्ये कुणी ना कुणी बेसवर पोहोचले होते.

नो-हिटर हा मोजमापाचा प्रकारच असा आहे की त्यात वॉकची शिक्षा होत नाही. फलंदाजाला चेंडू लागू न देणे यात रायन जगात पहिला, पण सामना जिंकून देणे ही वेगळी विद्या आहे. मग हे टेक्ससचे कौतुक नव्हे तर काय?

ह्यूस्टनवासी

साशंक, पराभवांचा हिशेब मांडताना १९८७ साल विसरू नका. त्या हंगामात ह्यूस्टनकडून खेळताना दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांच्या सरासरीत, २.७६ या आकड्यासह, तो लीगमध्ये पहिला होता आणि २७० स्ट्राइकआउटसह त्यातही पहिला होता. त्याचा जय-पराजयाचा हिशेब होता ८ विजय आणि १६ पराभव. पिचर धावा रोखू शकतो, आपल्या संघासाठी त्या काढून देऊ शकत नाही. बेसबॉलमध्ये विजय-पराजय पिचरच्या नावावर लिहायची जी पद्धत आहे, ती जावयाच्या पगारावरून सासऱ्याची कर्तबगारी ठरवण्यासारखी आहे.

वॉकचा मुद्दा मात्र मान्य. तो नाकारण्यात अर्थ नाही.

बाकावरचा प्रेक्षक

सर्वांचे आभार. साशंक यांच्या प्रतिसादामुळे माझा प्रश्न उलट अधिक टोकदार झाला. ज्या पिचरला तरुणपणी चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नव्हता, तो उतारवयात केवळ दोन वॉक देऊन सामना संपवतो. म्हणजे वेग टिकला यापेक्षा ताबा आला, हे अधिक महत्त्वाचे नाही का? आणि तो कसा आला?

मनगट

प्रश्न अचूक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी शालेय वयात गोलंदाजी केली आहे आणि आता मुलाच्या बेसबॉल सरावाला बाकावर बसून असतो. तेव्हा दोन्ही खेळांतली खांदेदुखी मला ओळखीची आहे.

क्रिकेटच्या माणसाला प्रथम हे समजले पाहिजे की पिचरला धावत येण्याची सोय नसते. आपला वेगवान गोलंदाज वीस-पंचवीस पावलांत जो वेग गोळा करतो, तो पिचरला दहा इंच उंचीच्या माउंडवर जागच्या जागी, एका पायावर तोल साधून निर्माण करावा लागतो, आणि साडेसाठ फुटांवरच्या घराच्या आकाराच्या रबरी पाटीवरून चेंडू न्यावा लागतो. आपल्याकडे जिला फेकी म्हणून पंच नो-बॉल ठरवतील, तीच इथली मूळ क्रिया आहे. कोपर वाकते, मागे जाते आणि झटक्यात सरळ होते. त्या झटक्याचा भार कोपराच्या आतल्या बाजूच्या एका अस्थिबंधावर पडतो. रायनने हा झटका सत्तावीस हंगाम दिला. जून १९७४मध्ये बोस्टनविरुद्ध तर एकाच सामन्यात त्याने १३ इनिंगमध्ये २३५ चेंडू टाकले होते. आजच्या प्रशिक्षकाने हा आकडा ऐकला, तर तो पोलिसांना फोन करील.

मग हात टिकला कसा? जन्मजात देणगी होतीच, पण तिच्या जोडीला दोन गोष्टी होत्या. १९७२मध्ये एंजल्सकडे आल्यावर त्याने वजने उचलण्याचा व्यायाम सुरू केला. त्या काळी बेसबॉलमध्ये अशी ठाम समजूत होती की वजने उचलली तर स्नायू आखडतात आणि पिचर वाया जातो. त्यामुळे सुरुवातीला हा व्यायाम त्याला जवळजवळ चोरून करावा लागला. दुसरे म्हणजे त्याने वेगाचा कारखाना खांद्यात न ठेवता मांड्यांत ठेवला. डावा गुडघा छातीपर्यंत उचलून मग तो जे लांब पाऊल टाकत असे, ते चित्रफितीत मंद गतीने पाहा. हात शेवटी येतो, त्याआधी सगळे काम कमरेखाली झालेले असते. सामना संपल्यावर जागेवरची सायकल चालवणे हा त्याचा नेमच होता, आणि सातव्या नो-हिटरच्या रात्रीही तो चुकला नाही. गावभर जल्लोष चालू आहे आणि उत्सवमूर्ती घामाघूम होऊन पायडल मारत आहे, हे चित्र मला त्या १६ स्ट्राइकआउटपेक्षाही जास्त आवडते.

ताब्याचे म्हणाल, तर आकडेच बोलतात. १९७७मध्ये २९९ इनिंगमध्ये त्याने २०४ वॉक दिले, म्हणजे दर नऊ इनिंगला सहाहून अधिक. १९९१मध्ये १७३ इनिंगमध्ये ७२, म्हणजे चाराच्याही आत. तरुणपणी त्याच्याकडे जळता फास्टबॉल आणि खाली कोसळणारा कर्व्हबॉल होता. चेंडूचा वेग १९७४मध्ये ताशी १०० मैलांवर मोजला गेला होता, आणि तो आपला धाक पुरवून वापरत असे. १९७३मध्ये डेट्रॉइटला दुसऱ्या नो-हिटरच्या शेवटी नॉर्म कॅश हा फलंदाज बॅटऐवजी टेबलाचा पाय घेऊन खेळायला आला होता. बॅट घेऊन तरी कुठे चेंडू लागणार आहे, हा त्याचा युक्तिवाद. पंचांनी त्याला परत पाठवले आणि खऱ्या बॅटनेही तो बादच झाला. पुढे वयाबरोबर रायनने चेंजअप मुरवला, म्हणजे हाताची क्रिया फास्टबॉलचीच, पण चेंडू मात्र रेंगाळत येणारा. फास्टबॉलच्या धास्तीने फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा होई. टॉम हाउस यांच्याबरोबर तो सरावात अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडूही फेकत असे, कारण हाताची क्रिया चुकली तर तो चेंडू हवेत डगमगतो आणि चूक तिथल्या तिथे दिसते.

एक अवांतर, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. न्यूयॉर्क मेट्सकडे नवखा असताना त्याच्या बोटांना वरचेवर फोड येत. तेव्हा कातडी कडक व्हावी म्हणून त्याला बोटे लोणच्याच्या खारात बुडवून ठेवायला लावत. आपल्या बरणीतले तेल-मोहरीचे लोणचे नव्हे, काकडीचे मिठाच्या पाण्यातले. तरी आमच्या घरी ही गोष्ट सांगितल्यापासून मुलाने बरणीत हात घालण्यास नवे निमित्त शोधले आहे.

साशंक

मनगट, सविस्तर उत्तराबद्दल आभार. दोन मुद्द्यांवर मी माघार घेतो आणि एकावर ठाम राहतो.

माघार अशी : नो-हिटरला मी मोजमापाचा सदोष प्रकार म्हटले, ते तरुण रायनबाबत खरे असले, तरी १९९१च्या सामन्याला लागू पडत नाही. दोन वॉक आणि १६ स्ट्राइकआउट ही कामगिरी कोणत्याही काट्यावर तोलली तरी भरते. शिवाय ४२व्या वर्षी, १९८९मध्ये, त्याने ३०१ स्ट्राइकआउट केले आणि त्याच हंगामात रिकी हेंडरसनला बाद करून पाच हजारांचा टप्पा गाठला, हेही मी सोयीस्करपणे वगळले होते. हेंडरसनचे नाव निघाले म्हणून : १ मे १९९१ याच दिवशी दुपारी ओकलंडला त्याने बेस चोरण्याचा (फटका नसतानाच धावत पुढचा बेस गाठण्याचा) लू ब्रॉकचा विक्रम मोडला. आयुष्यभराचा विक्रम करावा आणि सायंकाळी टेक्ससमधल्या एका चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने बातमीची अर्धी जागा खाऊन टाकावी, हे दुर्दैव सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

ठाम राहतो ते यावर : वय हा एकच निकष धरला, तर रायन सर्वांत पुढे नाही. फिल नीक्रोने ४६व्या वर्षी तीनशेवा विजय मिळवला आणि जेमी मॉयरने २०१२मध्ये ४९व्या वर्षी सामना जिंकला.

आकडेमोड

नीक्रो नकलबॉल (संथ, डगमगत येणारा चेंडू) टाकत असे आणि मॉयर मंदगती चेंडूंवर जगला. फिरकी गोलंदाज पन्नाशीपर्यंत खेळला तर आपण कौतुक करतो, चकित होत नाही. रायनचे वेगळेपण इथेच आहे की त्याने म्हातारपणासाठी वेगळा धंदा काढला नाही. दुकान तेच ठेवले आणि माल नीट मांडायला शिकला. मॉयरच्या पंगतीत त्याला बसवायचे असेल, तर मग ४१व्या वर्षी धरमशालाला सातशेवा कसोटी बळी घेणाऱ्या जेम्स अँडरसनला एखाद्या वयस्क फिरकीपटूच्या शेजारी बसवा आणि काय उत्तर येते ते पाहा.

आणि हे पुन्हा घडेल असे मला वाटत नाही. कारण मनुष्यबळ कमी पडेल हे नसून पद्धत बदलली हे आहे. २०२२च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मुख्य लीगच्या अंतिम मालिकेत, ह्यूस्टनने फिलाडेल्फियाविरुद्ध नो-हिटर केला, पण तो चार पिचरांनी मिळून. क्रिस्टियन हॅविअरने सहा इनिंग आणि ९७ चेंडूंपर्यंत एकही हिट दिली नव्हती, तरी त्याला थांबवण्यात आले, आणि व्यवस्थापकाचा निर्णय योग्यच होता. ज्या खेळात हिट न देणाऱ्यालाही शंभराच्या आत खाली बसवतात, तिथे सात नो-हिटर जमवायला माणसाला संधी तरी कुठून मिळणार?

मनगट

सहमत. फक्त शेवट सांगायचा राहिला, तो सांगतो. २२ सप्टेंबर १९९३ला सिॲटलमध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, पहिल्याच इनिंगमध्ये रायनच्या कोपराचा अस्थिबंध तुटला. त्या सामन्यात त्याला एकही फलंदाज बाद करता आला नव्हता, उलट वॉक दिले होते आणि चार धावांचा होमरनही खाल्ला होता. हंगामाअखेरीस निवृत्त होण्याचे त्याने आधीच जाहीर केले होते. मोजके दिवस उरले होते. १९९९मध्ये त्याला हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानदालनासाठी) ४९७पैकी ४९१ मते मिळाली. साशंक, उरलेल्या सहांपैकी आपण तर नव्हता ना?

बाकावरचा प्रेक्षक

काल रात्री त्या सामन्याची शेवटची इनिंग चित्रफितीवर पाहिली. ॲलोमारची बॅट फिरल्यावर मैदानावर जो कल्लोळ उसळला, त्यात सर्वांत शांत माणूस रायनच एक दिसला. आज सहकाऱ्याला सेकंड बेसवरच्या वडिलांची गोष्ट सांगितली, तर ती त्याला ठाऊक नव्हती. मग त्यानेही एक कबुली दिली. त्या रात्री तो मैदानात नव्हताच. तो बुधवार होता, दुसऱ्या दिवशी शाळा होती आणि सातव्या इनिंगला आईने रेडिओ बंद करून त्याला झोपायला पाठवले होते.